जागा आधी, नाव शेवटी: मोकळ्या हरित जागांसाठी आणि वनांसाठी वृक्षजाती कशा निवडाव्यात

वृक्षलागवडीचे काम नव्याने हाती घेणारे बहुतेक जण पहिल्याच बैठकीत झाडांच्या नावांची यादी मांडतात. कोणाला बहाव्याची पिवळी झुंबरे आठवतात, कोणाला वडाची सावली हवी असते, कोणी रोपवाटिकेत सहज मिळतील ती रोपे आणायला सुचवतो, आणि जमीन कशी आहे हा प्रश्न थेट खड्डे खणायला घेतल्यावर निघतो. या लेखातील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी जागा, मग त्या जागेकडून अपेक्षित असलेले काम, मग झाडाचा आकार आणि स्वभाव, आणि नाव सर्वांत शेवटी. चुकीच्या जागी लावलेले उत्तम झाड दहा वर्षे खुरटत राहते किंवा वीस वर्षांनी तोडावे लागते, आणि दोन्ही वेळा दोष मात्र झाडाला दिला जातो.

शब्दांविषयी एक खुलासा आधीच करणे बरे. वड, पिंपळ आणि उंबर या तीन वेगवेगळ्या जाती आहेत, पण तिन्ही ‘फायकस’ या एकाच प्रजातीतील आहेत, आणि फणस व तुती यांच्यासह त्या सर्व एकाच कुळात येतात. जात, प्रजाती आणि कूळ हा फरक पुढे विविधतेचा हिशेब मांडताना उपयोगी पडेल.

पहिली पायरी: येथे झाडे हवीत का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो टाळल्यामुळे मोठे नुकसान झालेले आहे. नैसर्गिक गवताळ प्रदेश, पाणथळ जागा आणि खडकाळ पठारे ‘ओसाड’ दिसतात म्हणून तेथे झाडे लावली जातात, आणि सूर्यप्रकाशावर जगणारी गवते, जमिनीवर घरटी करणारे पक्षी व हंगामी फुलझाडे त्या सावलीखाली नाहीशी होतात. जागेवर पूर्वी जंगल होते की गवत होते, हे जुने नकाशे, जाणती माणसे आणि शिल्लक राहिलेल्या वनस्पती यांवरून पाहावे. जमिनीत जुन्या झाडांची जिवंत खोडके असतील, आपोआप उगवलेली रोपे दिसत असतील आणि जवळच बी देणारी झाडे असतील, तर चराई, वणवा व तणे यांपासून त्या रोपांना जपणे हे नव्या लागवडीपेक्षा स्वस्त आणि बहुधा अधिक यशस्वी ठरते. अशा जागी जातींची निवड निसर्गाने आधीच केलेली असते.

दुसरी पायरी: जमीन वाचणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. प्रयोगशाळेतील माती परीक्षण उपयुक्त असते, पण कुदळ आणि पाण्याची बादली घेऊन केलेली पाहणी त्याहून अधिक काही सांगून जाते. सुमारे ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने काठोकाठ भरावा, पाणी जिरू द्यावे, आणि पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला साधारण अडीच ते साडेसात सेंटीमीटर पाणी उतरत असेल, तर निचरा बहुतेक झाडांना मानवणारा आहे. त्याहून कमी उतरत असेल, तर मुळांना हवा मिळणार नाही आणि ओल सोसणाऱ्या जातींकडे वळावे लागेल. अर्जुन मुळात ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारे झाड आहे. करंज आणि ताम्हण हेही ओल सोसतात, तर कडुलिंब साचलेल्या पाण्यात तग धरत नाही. पाणी पाहता पाहता नाहीसे होत असेल, तर जमीन मुरमाड किंवा वाळूची आहे आणि तेथे कोरडवाहू जातीच टिकतील. हीच चाचणी जागेच्या उंच, सखल आणि मधल्या भागांत वेगवेगळी करावी, कारण एकाच मैदानाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या याद्या लागू शकतात.

त्यानंतर दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खणून पाहावे. वर सुपीक माती दिसणाऱ्या जागेखाली अर्ध्या मीटरवर कातळ, दाबून घट्ट झालेला थर किंवा बांधकामाचा राडारोडा निघणे ही शहरांत नेहमीची गोष्ट आहे. चुना आणि सिमेंट मिसळलेल्या मातीचा सामू (पीएच) वाढतो, मुळांना लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा ठिकाणी खत वाढवून उपयोग होत नाही. अशी जास्त सामूची, म्हणजे अल्कधर्मी, माती सोसणारी जात निवडणे हाच मार्ग उरतो.

वर आणि बाजूलाही पाहावे. विजेच्या तारा, इमारतींच्या भिंती, दिव्यांचे खांब, जमिनीखालच्या वाहिन्या, दिवसातील उन्हाचे तास आणि वाऱ्याची मुख्य दिशा यांची नोंद एका साध्या आराखड्यावर करावी. परिसरात तीस-चाळीस वर्षे उभी असलेली, कोणी पाणी न घालता वाढलेली झाडे कोणती आहेत तेही त्यावर लिहावे. त्या जमिनीचे माती परीक्षण त्यांनी केव्हाच केलेले असते.

तिसरी पायरी: कामाचे स्वरूप ठरवणे

उद्यान, क्रीडांगण, वाहनतळ, रस्त्याची कड आणि वन या सगळ्यांना ‘हिरवाई’ म्हटले जाते, पण झाडांकडून त्यांच्या अपेक्षा परस्परविरोधी असतात. मोकळ्या जागेत प्रत्येक झाड स्वतंत्र उभे असते: ते माणसांच्या डोक्यावर असते, त्याची फांदी तुटली तर कोणाला तरी लागते आणि त्याचे फळ कोणाच्या तरी पायाखाली येते. वनात एकटे झाड गौण असते. तेथे समूह महत्त्वाचा, आणि वाकडे, काटेरी, पोकळ किंवा मेलेले झाडही पक्ष्यांना आणि कीटकांना उपयोगीच पडते. म्हणून येथून पुढे दोन वाटा होतात.

चौथी पायरी: मोकळ्या जागेसाठी झाडाचा स्वभाव तपासणे

सुरुवात पूर्ण वाढलेल्या आकारापासून करावी. रोप हातभर असताना दोन झाडांतील दहा मीटरचे अंतर हास्यास्पद वाटते, पण पर्जन्यवृक्षाचे छत्र २५ ते ३० मीटरही पसरते. तारांखाली सहा-सात मीटरपेक्षा उंच न होणारी जातच लावावी. मोठे झाड लावून त्याचा शेंडा दरवर्षी छाटत राहणे ही झाडाची आणि छाटणाऱ्याची दोघांचीही शिक्षा आहे.

मुळांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे झाड जेवढे वर तेवढेच खाली असते. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुसंख्य मुळे वरच्या साठ-एक सेंटीमीटर मातीत असतात आणि आडवी मात्र छत्राच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जातात. त्यामुळे मोठ्या झाडाला खोल खड्ड्यापेक्षा पसरट, मोकळी माती हवी असते. पूर्ण वाढलेल्या मोठ्या झाडाला ढोबळमानाने २५ ते ३० घनमीटर माती लागते, आणि पदपथातील मीटरभर लांब-रुंद-खोल चौकटीत ती एकच घनमीटर असते. एवढ्या चौकटीत वड किंवा पिंपळ लावला, तर तो उरलेली माती फरशीखाली आणि भिंतीच्या फटीत शोधणारच. मुळे सुस्थितीतील नळ सहसा फोडत नाहीत. आधीच गळणाऱ्या सांध्यातून ती आत शिरतात. जुन्या वाहिन्यांजवळ म्हणूनच पाण्याच्या शोधात जोमाने धावणाऱ्या जाती टाळाव्यात.

लाकडाची मजबुती आणि फांद्यांची ठेवण हा पुढचा निकष आहे. झपाट्याने वाढणाऱ्या झाडांचे लाकूड बहुधा हलके व ठिसूळ असते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, देखणा आणि लवकर फुलणारा आहे, पण त्याची मुळे उथळ असतात आणि वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात. मैदानाच्या कडेला तो शोभतो, बाकाच्या वर नव्हे. ज्या झाडांत दोन तुल्यबळ फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढतात, त्यांच्या बेचक्यात साल अडकते आणि पुढे झाड तेथेच चिरते. अशा जातीला लहानपणी योग्य छाटणी देण्याची तयारी नसेल, तर ती निवडूच नये.

परागकणांचा विचार तर जवळपास कोणीच करत नाही. वाऱ्यावर परागण करणारी झाडे मोठ्या प्रमाणावर हलके परागकण सोडतात, आणि ठळक, सुगंधी, मध देणारी फुले असलेली झाडे बहुधा कीटकांवर विसंबतात, त्यामुळे त्यांचे पराग हवेत कमी असतात. इस्लामाबाद शहर हिरवे करण्यासाठी लावलेल्या कागदी तुतीचे परागकण पुढे तेथील वसंतातील तीव्र ॲलर्जीचे प्रमुख कारण ठरले. नर आणि मादी झाडे वेगळी असणाऱ्या जातींत हा पेच आणखी वाढतो: गिंको वृक्षाची मादी झाडे लावली तर बियांच्या मांसल आवरणाला उग्र दुर्गंध येतो, आणि केवळ नर झाडे लावली तर पराग वाढतात.

मुलांच्या खेळण्याच्या जागेत काटेरी आणि विषारी झाडे नकोत. पिवळ्या कण्हेराचे सर्व भाग विषारी असतात, हे शोभेसाठी तो लावणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. वाहनतळावर डाग पाडणारी किंवा जड फळे देणारी झाडे टाळावीत, आणि हीच झाडे उद्यानाच्या दूरच्या कोपऱ्यात पक्ष्यांसाठी अवश्य लावावीत. सावलीसाठी झाड निवडताना ते सदाहरित आहे की पानगळी, एवढे विचारून थांबू नये. पानगळ थंडीत होते, की ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, हा खरा प्रश्न आहे. थंडीत निष्पर्ण होणारे झाड हिवाळ्यातील ऊन आत येऊ देते म्हणून घराजवळ सोयीचे; उन्हाच्या सुरुवातीला सगळी पाने टाकून फुलणारा पळस डोळ्यांना कितीही सुखावला तरी बसथांब्याला सावली देणार नाही.

पाचवी पायरी: वनासाठी समूह निवडणे

वन उभे करायचे असेल, तर पहिले काम जवळच्या उरल्यासुरल्या नैसर्गिक वनात फिरण्याचे आहे. आपल्या जागेसारखीच माती, उतार आणि पाऊस असलेला तुकडा शोधावा आणि तेथील उंच वृक्ष, मधल्या थरातील लहान वृक्ष, झुडपे आणि वेली यांची स्वतंत्र यादी करावी. हे संदर्भवन म्हणजे त्या जमिनीचा जुना आराखडाच असतो. यादीतील सर्व जाती एकदम लावायच्या नसतात, कारण काही जातींच्या रोपांना उघडे ऊन सोसते आणि काहींना सावलीशिवाय जगता येत नाही. पहिल्या गटाला अग्रेसर जाती म्हणतात: त्या लवकर वाढतात, लवकर फळतात आणि तुलनेने लवकर मरतात. दुसऱ्या गटातील जाती सावकाश वाढून शतकभर टिकतात. नुसत्या अग्रेसर जाती लावल्या तर पंधरा-वीस वर्षांनी वन विरळ होण्याचा धोका असतो, आणि नुसत्या सावकाश वाढणाऱ्या लावल्या तर गवत व तणे त्यांना गाडून टाकतात.

हा तोल साधण्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये एक पद्धत पुढे आली आणि थायलंडमधील चिआंग माई विद्यापीठाच्या संशोधकांनी ती पुढे विकसित केली. तिला ‘चौकट जाती’ पद्धत म्हणता येईल. दोन्ही गटांतील मिळून वीस ते तीस स्थानिक जाती निवडतात. त्यांनी उघड्या जमिनीवर चांगला तग धरावा, दाट छत्राने दोन-तीन वर्षांत तणे झाकावीत आणि लहान वयातच फुले-फळे देऊन पक्षी, वटवाघळे व इतर प्राण्यांना बोलवावे, हे निवडीचे निकष असतात. रोपांत सुमारे १.८ मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी सुमारे ३,१०० रोपे लागतात. बाकीच्या शेकडो जाती त्या पाहुण्यांच्या विष्ठेतून आणि वाऱ्यावरून येतात. काही किलोमीटरच्या आत मूळ वन शिल्लक असेल आणि बी पसरवणारे प्राणी असतील, तरच ही युक्ती चालते. अन्यथा अधिक जाती स्वतः आणून लावाव्या लागतात.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ आकिरा मियावाकी यांची पद्धत याहून दाट आहे. तिच्यात प्रत्येक चौरस मीटरला साधारण तीन रोपे लावतात, माती आधी भुसभुशीत व सेंद्रिय द्रव्याने समृद्ध करतात आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी व निंदणी देतात. शहरातील लहान तुकड्यासाठी ती परिणामकारक आहे. मात्र तिचा आत्मा दाटीत नसून त्या जागेच्या संभाव्य नैसर्गिक वनातील जाती ओळखण्यात आहे, आणि नेमके तेच वगळून मिळतील ती रोपे खेटून लावली जातात. कमी पावसाच्या, मुळातच विरळ झाडी असलेल्या भागात असे घनदाट वन ओढूनताणून उभे करणे मला पटत नाही.

वनाच्या यादीत फायकस प्रजातीतील एक-दोन स्थानिक जाती जवळजवळ नेहमीच असाव्यात. वेगवेगळी झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळे इतर झाडांकडे काही नसताना पक्ष्यांना त्यांचा आधार मिळतो. बहुतेक फायकस जातींचे परागण ठरावीक जातींचे इवलेसे गांधीलवर्गीय कीटक करतात. म्हणून दूर देशाहून आणलेल्या फायकसच्या फळांत त्या कीटकाअभावी रुजणारे बी धरत नाही. थंड प्रदेशात असेच स्थान ओकचे आहे: ब्रिटनमधील स्थानिक ओक वृक्षांशी सुमारे २,३०० जीवजातींचे नाते नोंदले गेले असून त्यांतील ३२६ जाती ओकशिवाय अन्यत्र आढळत नाहीत. कस निघालेल्या जमिनीवर करंज, खैर यांसारखी शेंगावर्गीय झाडे किंवा थंड हवेत आल्डर लावल्यास त्यांच्या मुळांवरील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करून जमीन सुधारायला मदत करतात.

सहावी पायरी: परकी आणि आक्रमक यांतील फरक

प्रत्येक परकी जात वाईट नसते. फरशी, धूर आणि दाबलेली माती सोसणारा लंडन प्लेन हा संकरित वृक्ष अनेक थंड शहरांत शतकांपासून गुण्यागोविंदाने उभा आहे. धोका असतो तो स्वतःहून पसरून स्थानिक वनस्पतींना हुसकावणाऱ्या जातींचा. लहान वयात भरपूर बी धरणे, वारा किंवा पक्ष्यांकडून ते दूर जाणे, तोडल्यावर जोमाने फुटवे येणे आणि इतर एखाद्या देशात आक्रमक ठरल्याची नोंद असणे, या चार खुणा एकत्र दिसल्या तर ते नाव यादीतून काढावे. सुबाभूळ आणि आफ्रिकन ट्यूलिप हे दोन्ही वृक्ष आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहेत, तरीही एक चाऱ्यासाठी आणि दुसरा फुलांसाठी अजून लावला जातो.

आज निरुपद्रवी दिसणारी जात उद्याही तशीच राहील, अशी खात्री नसते. अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘ब्रॅडफर्ड’ हे शोभेच्या नासपतीचे वाण बी न धरणारे म्हणून बाजारात आले. त्या वाणाची झाडे आपसांत बी धरत नव्हती हे खरे, पण त्याच जातीची इतर वाणे शेजारी लागल्यावर त्यांच्याशी संकर होऊन बी धरले, पक्ष्यांनी ते पसरवले आणि २०२३ पासून ओहायो राज्यात त्या जातीच्या विक्रीवर व लागवडीवर बंदी आली. वनात आणि वनाच्या कडेला फक्त स्थानिक जाती, आणि गजबजलेल्या शहरी जागेत तपासून घेतलेली परकी जात चालेल, असा नियम नवख्याने स्वतःपुरता केला तरी पुरे.

सातवी पायरी: एका नावावर भिस्त न ठेवणे

एकाच जातीची सरळ रांग सुंदर दिसते, आणि तेवढ्याच सहजपणे ती एका रोगात संपते. विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये अभ्यासला गेलेला बुरशीजन्य ‘डच एल्म’ रोग पुढे दोन खंडांत पसरला आणि एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म वृक्ष गेले. अमेरिकेतील अनेक शहरांनी एल्मच्या रिकाम्या जागी ॲश वृक्षांच्या रांगा लावल्या. २००२ मध्ये मिशिगन राज्यात आशियातून आलेला हिरवा खोडकिडा सापडला, आणि त्याने कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. पहिल्या फटक्यातून जात बदलायचा धडा घेतला गेला. रांग एकाच जातीची असू नये हा धडा राहून गेला.

वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये मांडलेला १०-२०-३० हा आडाखा येथे कामास येतो: एकूण झाडांत कोणतीही एक जात १० टक्क्यांहून, एक प्रजाती २० टक्क्यांहून आणि एक कूळ ३० टक्क्यांहून अधिक नसावे. वड, पिंपळ, उंबर, फणस आणि तुती अशी पाच नावे यादीत असली, तरी कुळाच्या हिशेबात ती एकच ओळ आहे. वीस-पंचवीस झाडांच्या छोट्या बागेत हे प्रमाण काटेकोर पाळता येणार नाही. तेथे शेजारच्या रस्त्यांवर आधीच भरपूर असलेली जात पुन्हा न लावणे एवढे पथ्य पाळावे.

आठवी पायरी: बी कोठले आणि रोप कसे

एकाच जातीतही कोरड्या टेकडीवरील झाडाचे बी आणि दमट खोऱ्यातील झाडाचे बी सारखे वागत नाही. बी आपल्या जागेशी जुळणाऱ्या हवामानातून, निरोगी आणि एकमेकांपासून दूर असलेल्या वीस-तीस मातृवृक्षांवरून गोळा केलेले असावे. एकाच झाडाखालून पोतेभर बी आणले, तर सारी लागवड भावंडांची होते. आज लावलेले रोप पन्नास वर्षांनी भर वयात येईल तेव्हा हवा अधिक उष्ण असेल, म्हणून आपल्या परिसरात ज्या जाती नैसर्गिक पसाऱ्याच्या थंड किंवा दमट टोकाला कशाबशा तगून आहेत, त्यांच्यापेक्षा उष्ण व कोरड्या बाजूलाही सहज आढळणाऱ्या जातींना झुकते माप द्यावे.

रोपवाटिकेत उंचीवर भाळू नये. काही रोपे पिशवीतून काढून मुळे पाहावीत. ती तळाशी गोल गुंडाळलेली असतील, तर पुढे तीच मुळे खोडाला फास लावतात. खोड काठीच्या आधाराशिवाय उभे राहणारे असावे, आणि रोप लावताना खोड व मुळे जेथे मिळतात तो फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर दिसेल असे बसवावे. हवी ती जात मिळत नसेल, तर बदली म्हणून दिली जाणारी कोणतीही जात स्वीकारण्यापेक्षा एक पावसाळा थांबून त्या जातीची रोपे आगाऊ तयार करून घ्यावीत.

शंका असलेल्या जातीची प्रथम पाच-दहाच रोपे लावावीत आणि प्रत्येक रोपाची जात, बियाण्याचे मूळ, लागवडीची तारीख व जागा वहीत नोंदवावी. पहिल्या दोन कोरड्या ऋतूंनंतर किती रोपे जगली, कोणती नुसती जगली आणि कोणती वाढली, हे जागेच्या उंच व सखल भागांनुसार वेगळे मोजावे. मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या हंगामात काय लावायचे, हे त्या वहीवरून ठरवावे.